तक्त्यातली चांदणी

आमच्या विभागातून कुठलाही महत्त्वाचा कागद बाहेर जाण्याआधी मोठ्यानं वाचला जायचा. ज्यानं तो लिहिला त्यानं वाचायचं नाही, फक्त आपल्या प्रतीवर बोट ठेवून बसायचं. दुसऱ्या माणसानं मूळ कागद समोर घेऊन ओळ न् ओळ वाचायची, आकडे, कंस, तळटिपा सगळं, आणि बोट त्याच्या आवाजामागून सरकत राहायचं. शेवटपर्यंत दोन्ही जुळलं की वाचणारा कोपऱ्यात पेन्सिलीनं ‘रुजू’ असं लिहून खाली सही करायचा. याला रुजवात म्हणत. कंपनीच्या कुठल्या नियमात हे नव्हतं. आमच्या विभागातले सगळ्यात जुने गृहस्थ, ज्यांना ऑफिस ‘सर’ म्हणायचं आणि मी ‘काका’, त्यांनी ही पद्धत आपल्या घरातून आणली होती.

त्यांचे पणजोबा संस्थानच्या दफ्तरात नकला करत. एकानं नक्कल करायची, दुसऱ्यानं ताडून पाहायची, आणि ताडणाऱ्याची खूण नसेल तर तो कागद कागदच नव्हे, अशी तिथली रीत होती म्हणे. आमचं घराणं दुसऱ्या बाजूचं. माझे पूर्वज फौजेबरोबर माळव्यात आले आणि इथेच राहिले. त्यांची एक तलवार उरली आहे, ती दसऱ्याला पुसली जाते आणि बाकीचं वर्ष इंदुरात अन्नपूर्णा भागातल्या आमच्या फ्लॅटमध्ये पलंगाखाली असते. यावरून काका माझी चेष्टा करायचे. मी घाईत काही पाठवलं की म्हणायचे, तुम्ही शिलेदार लोक, पहिले घोडा सोडता आणि मग रस्ता विचारता.

ऑफिस त्यांच्यावर हसायचं, मीही हसायचे. शनिवारी सगळ्यांसाठी पोहे मागवायचे असले तरी ते यादीची रुजवात करवून घेत. कुणाला शेव जास्त, कुणाला कांदा नको, हे एकानं वाचायचं आणि दुसऱ्यानं खुणा करायच्या. मोठ्या मुलीच्या लग्नाची पत्रिका त्यांनी छापायला देण्याआधी माझ्याकडून तीनदा वाचून घेतली होती. तिसऱ्यांदा मी वैतागून म्हणाले होते, काका, नवरदेव तोच आहे ना, मग झालं. त्यावर ते हसले, पण शेवटची ओळ राहिली होती, ती वाचायला लावलीच.

आमची कंपनी इस्पितळांतली यंत्रं दुरुस्त करते. मोठ्या इस्पितळांची नव्हेत, त्यांची स्वतःची माणसं असतात. आमची गिऱ्हाइकं म्हणजे माळवा-निमाडातल्या गावांमधली वीस-पंचवीस खाटांची नर्सिंग होम. यंत्र बंद पडलं की तिथली नर्स फोन करते, फोन आमच्याकडे नोंदला जातो आणि माणूस निघतो. सगळा धंदा त्या एका फोनवर उभा आहे. एकदा आलीराजपूरकडच्या एका नर्सिंग होमनं सांगितलं की आम्ही दोनदा फोन केला, कुणी आलं नाही. आमच्या नोंदीत एकही फोन नव्हता. जुन्या टेलिफोन यंत्राची स्मृती भरली होती आणि नव्या नोंदी ते निमूटपणे टाकून देत होतं. दोन दिवस नवजात बाळांना ऊब देणारं यंत्र बंद राहिलं, आणि दोन बाळांना जीपमधून दुसऱ्या गावी न्यावं लागलं. बाळं वाचली. काकांचा या प्रकाराशी संबंध नव्हता, टेलिफोन त्यांच्याकडे नव्हताच, तरी माफी मागायला तेच गेले होते. परत आल्यावर त्यांनी तिथल्या नर्सचं बोलणं शब्दशः सांगितलं, आणि पुन्हा कधी तो विषय काढला नाही.

त्यानंतर बऱ्याच काळानं मालकांनी नवा सर्व्हर घ्यायचं ठरवलं. फोन, रेकॉर्डिंग, आतले निरोप, व्हॉइस मेल, सगळं एकाच जागी. हा सर्व्हर स्वतः काही लक्षात ठेवत नाही. कोण बोललं, केव्हा बोललं, रेकॉर्डिंग कुठे ठेवलं, हे लिहून ठेवायला त्याला एक डेटाबेस लागतो, आणि तो आपण निवडून द्यायचा असतो. कुठलाही चालत नाही. सर्व्हर बनवणारी कंपनी एक तक्ता देते: आमच्या या आवृत्तीबरोबर अमुक डेटाबेसची अमुक आवृत्ती जमते, तमुक जमत नाही. तो तक्ता पाहून कुठला डेटाबेस घ्यावा याचा दोन पानी अहवाल मी लिहावा, असं मला सांगण्यात आलं. शुक्रवारपर्यंत.

काम सोपं होतं. आमच्याकडे आधीपासून एक डेटाबेस होता. कुठल्या गावात कुठलं यंत्र आहे, ते कधी उघडलं, कुठला भाग बदलला, हे सगळं बावीस वर्षांचं त्यात होतं, आणि तो काकांनी सांभाळला होता. त्याची दरवर्षीची परवाना फी मालकांना सलत होती. दुसरा एक डेटाबेस फुकट मिळणारा, हल्ली सगळे वापरतात तो. मला तो येत होता, काकांना नाही.

केबिनमध्ये मालकांनी हे मला सरळ सांगितलं. ते तसे वाईट नाहीत, आडपडदा मात्र ठेवत नाहीत. नव्या सर्व्हरला आपला जुना डेटाबेस चालत असेल तर तोच राहू द्या, नसेल तर सगळंच नव्यावर नेऊ, दोन-दोन सांभाळायचे नाहीत. मग थोडं थांबून म्हणाले, “नए पे गए तो सर का काम नहीं बचेगा। उनके वैसे भी दो साल ही हैं।”

ती दोन वर्षं मला पाठ होती. काकांची धाकटी मुलगी सिमरोलच्या इंजिनिअरिंगच्या कॉलेजात दुसरं वर्ष संपवत होती. तिची दोन वर्षं आणि त्यांची दोन वर्षं एकाच उन्हाळ्यात संपणार, हे त्यांनी मला डबा खाताना इतक्यांदा सांगितलं होतं की त्यांनी ‘दो साल’ म्हटलं की मी पुढचं वाक्य पुरं करायचे. त्यांचं सगळं गणित त्यावर बसलेलं होतं. बायको घरीच, गावाकडे काही नाही, आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी जुन्या डेटाबेसच्या माणसाला इंदुरात कोण नोकरी देणार? म्हणजे माझ्या दोन पानांवर एका मुलीचं कॉलेज टांगलेलं होतं. मला याची भीती वाटली नाही, राग आला. एवढ्याशा कागदावर एवढं ओझं ठेवायचं कशाला, असं वाटलं.

तक्ता उघडला. उभ्या रकान्यात डेटाबेस, आडव्या ओळीत सर्व्हरच्या आवृत्त्या. आमच्या जुन्या डेटाबेसच्या घरात टिक होती. मी मोठा श्वास सोडला, आणि मग मला त्या टिकेच्या खांद्यावर बसलेली बारीकशी चांदणी दिसली. तिची टीप चार पानं पुढे होती. त्या डेटाबेसवर सर्व्हर बनवणाऱ्यांचाच जुना सर्व्हर आधीपासून चालवत असाल आणि त्यावरूनच पुढे येत असाल तरच ही टिक खरी. नव्यानं उभारणी करणाऱ्यांसाठी नाही. केलीत आणि कॉलच्या नोंदी हरवल्या तर आम्ही जबाबदार नाही, असं त्यांनी त्यांच्या गुळगुळीत भाषेत लिहिलं होतं. आम्ही नव्यानंच उभारणी करणार होतो.

मी एक जुनं मशीन घेऊन त्यावर सर्व्हर चढवला आणि आमचाच डेटाबेस जोडून पाहिला. तीन दिवस ऑफिसातल्या ऑफिसात फोन केले. सगळं लागलं, सगळं नोंदलं गेलं, रेकॉर्डिंगही मिळालं. काका येऊन पाहून गेले, चालतंय ना, छान म्हणाले, आणि मी त्यांना टिपेबद्दल काही बोलले नाही. चालतंय तर चालतंय, टिपा लिहिणारे आपली कातडी वाचवायला लिहितात, अशी मी स्वतःची समजूत घातली. अहवालात तक्ता जसाच्या तसा उतरवला, फक्त चांदणी उतरवली नाही. तळाशी शिफारस: आहे तोच डेटाबेस ठेवावा. चुकून झालं असं मी आज म्हणणार नाही. त्या घरात टिक काढताना माझा हात अजिबात अडखळला नव्हता.

गुरुवार-शुक्रवार काका रजेवर होते, मुलीचं होस्टेल बदलायचं होतं. म्हणजे रुजवात होणार नव्हती, आणि ते माझ्या पथ्यावरच पडलं. शुक्रवारी दुपारी मी अहवाल मालकांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी पहिलं पान उलटलं, दुसरं उलटलं, कोपरे पाहिले आणि कागद परत माझ्याकडे सरकवला. त्यावर सरांची पेन्सिल नाही, म्हणाले. सोमवारी वाचून घ्या आणि मग आणा. ज्या माणसानं पोह्यांच्या यादीवरून काकांची सगळ्यांत जास्त टिंगल केली होती, तो मला हे सांगत होता. मला तर हसूच आलं.

शनिवार, रविवार माझ्या हातात होते. चांदणी घालून कागद पुन्हा छापायला दहा मिनिटं लागली असती. मी घातली नाही. मी असा विचार केला की काका वाचतील, त्यांना चांदणी दिसेल, टीप कळेल, आणि ते गप्प बसतील. माणूसच आहेत. आपल्या पोरीसाठी एक चांदणी कुणीही गिळेल. मग आम्ही दोघंही त्याविषयी कधी बोलणार नाही. त्यांच्याबद्दल मी हे असं ठरवून टाकलं होतं, आणि ते करताना मी त्यांच्यावर उपकार करते आहे असं मला वाटत होतं.

सोमवारी सकाळी ते आले, खुर्ची ओढली, चष्मा पुसला, पेन्सिल काढली. होस्टेलची नवी खोली दुसऱ्या मजल्यावर आहे, खिडकीतून शेतं दिसतात, एवढं सांगितलं आणि छापलेला मूळ तक्ता पुढ्यात घेतला. मी माझ्या अहवालावर बोट ठेवलं. ते वाचायला लागले. त्यांचा वाचायचा आवाज वेगळाच असायचा, सपाट, त्यात कुठे वर नाही की खाली नाही. पहिली ओळ, दुसरी ओळ. आमच्या डेटाबेसची ओळ चौथी होती. तिसरी संपली. चौथीचं नाव वाचलं, आवृत्ती वाचली, टिक वाचली, आणि त्याच आवाजात म्हणाले, “वर चांदणी आहे. तुझ्या कागदावर आहे का?”

मी नाही म्हणाले. राहून गेली असेल, म्हणाले.

त्यांनी पानं उलटली, टीप शोधली आणि ती सगळी वाचली, शेवटच्या पूर्णविरामापर्यंत. मग पेन्सिल माझ्याकडे केली. म्हणाले, चांदणी घाल, टीप घाल, आणि शिफारस बदल, ही शिफारस आता उभी राहत नाही.

मी पेन्सिल घेतली नाही. मी विचारलं, “काका, हे लिहिलं तर तुमचं काय होईल ते माहीत आहे का तुम्हाला?”

“माहीत आहे बेटा. हा कागद पहिले मलाच लिहायला सांगितला होता. मी बोललो, ज्यात माझाच मतलब आहे तो कागद मी कसा लिहू? तिला द्या, ती सही-सही लिहील, मी रुजवात करून देईन.”

मला त्या क्षणी इतकी लाज वाटली की मी मान वर करू शकले नाही. त्यांच्या शब्दावर हे काम माझ्याकडे आलं होतं. मी काहीतरी पुटपुटले, की तीन दिवस चाललं होतं ना, आपण पाहिलं होतं ना. ते म्हणाले, तीन दिवस आलीराजपूरचंही चाललं असेल. त्यांनी ते टोमणा म्हणून म्हटलं नाही. घड्याळात किती वाजले ते सांगावं तसं म्हटलं.

मी कागद नव्यानं छापला. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून वाचला, सहा घरांमधल्या सहा टिका, एक चांदणी, एक टीप. बोट आणि आवाज जुळले. कोपऱ्यात त्यांनी ‘रुजू’ लिहिलं आणि सही केली, आणि मग नेहमीप्रमाणे तारीख घालायला विसरले, म्हणून कागद परत मागून घेतला.

दुपारी मालकांनी आम्हा दोघांना बोलावलं. त्यांनी अहवाल वाचला होता, टीपसुद्धा. काकांकडे पाहून त्यांना काही बोलायचं होतं बहुतेक, पण आधी ते माझ्याकडे वळले. म्हणाले, “मैडम, ये अच्छा पकड़ा आपने। दूसरा कोई टिक देखके आगे बढ़ जाता।”

मी काकांकडे पाहिलं. ते टेबलावरच्या कॅलेंडरकडे बघत होते. त्यांनी एक शब्द काढला असता तर मी बरी सुटले असते. ते काही बोलले नाहीत, आणि मी थँक यू म्हणाले.

त्यानंतरचं सगळं रीतीनं झालं. त्यांना तीन महिने दिले गेले. त्या तीन महिन्यांत त्यांनी बावीस वर्षांची नोंद नव्या डेटाबेसमध्ये हलवायला मला मदत केली, आणि गावोगावच्या यंत्रांची यादी ते रोज दुपारी मला वाचून दाखवायचे, मी पडद्यावर बोट ठेवायचे. स्वतःची जागा रिकामी करायचं काम इतकं नीट करणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. निरोपाच्या दिवशी मालकांनी शाल घातली. काकांनी समारंभाच्या सामानाच्या यादीवर नजर टाकली आणि हारांचा आकडा एकानं जास्त आहे, असं हळूच मला सांगितलं.

पुढे दोन महिन्यांनी ते भंवरकुआंच्या एका कोचिंग क्लासात नव्या डेटाबेसचा कोर्स करायला जाऊ लागले. वीस-बावीस वर्षांच्या मुलांमध्ये पहिल्या बाकावर डबा घेऊन बसायचे. मुलं त्यांना आधी मास्तर समजली होती. कोर्स संपल्यावर त्या क्लासवाल्यानं त्यांना खरोखरच मास्तर करून ठेवलं, अर्ध्या वेळाचा. पैसे कमी, पण मुलीचं कॉलेज पुरं झालं. मला हे ऐकून बरं वाटलं, आणि हेही कळलं की त्याचं श्रेय माझ्याकडे येत नाही.

नवा सर्व्हर आता जुना झाला आहे. दर वर्ष-दीड वर्षानं त्याची पुढची आवृत्ती येते, बरोबर नवा तक्ता येतो आणि नव्या चांदण्या येतात. रुजवात एकट्याला करता येत नाही. विभागात नव्या मुली आहेत, त्या हुशार आहेत, पण मोठ्यानं वाचायला त्यांना हसू येतं. म्हणून मी काकांना तक्ता पाठवते आणि फोन लावते. ते तिकडून वाचतात, मी इकडे बोट ठेवते. मग ते त्यांच्या घरच्या कागदावर ‘रुजू’ लिहितात आणि त्याचा फोटो मला पाठवतात. आमच्या फायलीला तो फोटो लावलेला असतो. मालकांना चालतं.

या वेळच्या तक्त्यात आमच्या जुन्या डेटाबेसची ओळच नव्हती. चांदणीसकट गेली होती. काका वाचत वाचत तिथे आले, थांबले, आणि पुढच्या ओळीवर गेले. तक्ता संपल्यावर मी फोन ठेवला नाही. इतकी वर्षं जे म्हणायचं राहिलं होतं ते म्हणून टाकलं, की काका, ती चांदणी तेव्हा राहून गेली नव्हती, मी काढली होती.

“माहीत आहे,” ते म्हणाले. “मी तिसऱ्या ओळीवर होतो तेव्हाच तुझं बोट चौथीवर जाऊन थांबलं होतं.”

तेव्हा केबिनमध्ये, कॅलेंडरकडे पाहताना, त्यांना हे ठाऊक होतं. तीन महिने रोज दुपारी माझ्या बोटाकडे पाहत यंत्रांची यादी वाचताना ठाऊक होतं.

मग काका म्हणाले की दुसऱ्या पानावर एक तळटीप राहिली आहे, आणि ती वाचायला लागले. मी डोळे पुसले आणि बोट ठेवलं.